पडद्यावरचे तोरण

मार्गासनीहून एक वाट साखर-गुंजवण्याकडून राजगडाला जाते, दुसरी वेल्ह्याला, तोरण्याच्या पायथ्याशी. शिवरायांनी तोरणा घेतला नि स्वराज्याचे तोरण बांधले, हे आपली पोरे शाळेत शिकतात. पण हाच ‘स्वराज्य’ शब्द पडद्यावर आणणे एके काळी सोपे नव्हते बरं का!

बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात १९२३ साली ‘सिंहगड’ हा मूकपट काढला. रात्रीचे प्रसंग त्यांनी कृत्रिम प्रकाशात टिपले. त्यात शेलारमामा झालेले शांताराम पुढे प्रभात कंपनीचे दिग्दर्शक झाले. १९३० साली त्यांनी शिवरायांवर ‘स्वराज्याचे तोरण’ हा मूकपट तयार केला. शिवाजीची भूमिकाही स्वतःच केली. ते मिठाच्या सत्याग्रहाचे वर्ष. इंग्रजी अमलातील सेन्सॉरने नावालाच हरकत घेतली. अखेर चित्रपट ‘उदयकाल’ या नावाने लागला.

एका शब्दाचे एवढे भय का? मूकपटात बोलणे नसते. मजकूर पाट्यांवर येतो. वाचता येणारा मोठ्याने वाची, शेजारचे ऐकत. म्हणजे पाटीवरचा शब्द निरक्षराच्याही कानी जाई. कथा तीनशे वर्षांपूर्वीची खरी, पण तिचा अर्थ लावणारा प्रेक्षक १९३० सालचा होता!

म्हणून गुरुजी, ऐतिहासिक चित्रपट दाखवलात तर मुलांना दोन प्रश्न जरूर विचारा. यातले इतिहासाला धरून किती? आणि हा निघाला कोणत्या साली? पहिल्याने शिवकाल कळेल, दुसऱ्याने चित्रपट काढणाऱ्याचा काळ. मग तोरणा समोरच आहे. पोरांना घेऊन चढा.