प्रक्रियक-सुसंगती, आभासीकरणातील

एका सर्व्हरवर अनेक आभासी संगणक चालविणाऱ्या आज्ञावलीच्या गरजा त्या सर्व्हरमधील प्रक्रियकाने म्हणजे प्रोसेसरने पुऱ्या करणे, तसेच चालू आभासी संगणक एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलविता येण्याइतके दोहोंचे प्रक्रियक सारखे असणे, यास प्रक्रियक-सुसंगती म्हणतात. प्रक्रियकाच्या वेगाशी तिचा संबंध थोडा. आदेशसंचाशी मात्र निकटचा आहे. आभासी संगणक चालविणाऱ्या आज्ञावलीस हायपरव्हायजर म्हणतात. ती प्रत्येक आभासी संगणकास स्वतंत्र यंत्राचा भास करून देते, त्यामुळे त्यावर स्वतंत्र परिचालन प्रणाली चालविता येते.

ही कल्पना आयबीएम कंपनीच्या मोठ्या संगणकांवर १९६०–७० या दशकात आकारास आली. यंत्र आभासीकरणास कोणत्या अटींवर योग्य ठरते, याचे तात्त्विक विवेचन जेराल्ड पोपेक व रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्ये केले. यंत्राची सामाईक साधने बदलणारा किंवा त्यांच्या स्थितीवर अवलंबून असणारा आदेश सामान्य आज्ञावलीने दिला, तर प्रक्रियकाने तो अमलात न आणता नियंत्रण हायपरव्हायजरकडे सोपवावे, ही त्यातील मुख्य अट होय. इंटेलच्या एक्स-८६ कुलातील प्रक्रियक ही अट पाळीत नसत. पेंटियम प्रक्रियकात अट मोडणारे १७ आदेश असल्याचे २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात दाखविण्यात आले. उदा., ‘पॉपएफ’ हा आदेश पुरेसा अधिकार नसताना दिल्यास व्यत्यय चालू-बंद करणारी खूण जशीच्या तशी राहते व आदेश निष्फळ झाल्याचे कोणासही कळत नाही. उघड नकारापेक्षा हे मौन अधिक घातक होते.

यावर व्हीएमवेअर कंपनीने १९९९ मध्ये असे आदेश अमलात येण्यापूर्वीच बदलून टाकण्याची युक्ती योजली. केंब्रिज येथे तयार झालेल्या झेन (२००३) या हायपरव्हायजरसाठी परिचालन प्रणालीतच फेरफार करण्यात आले. अखेर उत्पादकांनी प्रक्रियकातच सुधारणा केली. इंटेलची ‘व्हीटी-एक्स’ ही सोय २००५ मध्ये आणि एएमडीची ‘एएमडी-व्ही’ २००६ मध्ये उपलब्ध झाली. २००७ मध्ये लिनक्समध्ये समाविष्ट झालेला केव्हीएम हा हायपरव्हायजर अशा सोयीवरच आधारलेला आहे. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीला २०१६ च्या आवृत्तीपासून स्मृतिपत्त्यांचे दुसऱ्या पातळीवरील रूपांतर करणारी सोयही प्रक्रियकात असावी लागते. पुष्कळदा सोय असते, पण यंत्राच्या प्रारंभिक मांडणीत ती बंद ठेवलेली असते. मग निष्कारण प्रक्रियकास दोष दिला जातो.

कोल्हापूरसारख्या सहकारप्रधान जिल्ह्यात हा विषय केवळ तज्ज्ञांपुरता राहत नाही. १९९८ मध्ये, व्हीएमवेअर स्थापन झाली त्याच वर्षी, वारणानगरभोवतीच्या कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील ७० गावांसाठी वारणा ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प हाती घेण्यात आला. गावांतील केंद्रांच्या संगणकांचा मुख्य उपयोग उसासंबंधीच्या नोंदींसाठी होत असे. पुढे सु. २००७ मध्ये सात गावांत या संगणकांऐवजी मोबाइलवरील लघुसंदेश वापरून पाहण्यात आले. कडेची यंत्रे अशी हलकी होत गेली, की मध्यवर्ती सर्व्हर बंद पडू न देण्याचे महत्त्व वाढते. साखर कारखाने, दूध संघ, नागरी बँका यांसारख्या संस्था सर्व्हर एकदम घेत नाहीत. मंजुरी मिळेल तसे घेतात. साहजिकच एकाच खोलीत निरनिराळ्या पिढ्यांचे प्रक्रियक येतात आणि सुसंगतीचा दुसरा प्रश्न उभा राहतो.

स्थलांतर : परिचालन प्रणाली सुरू होताना प्रक्रियकाला कोणते आदेश समजतात, ते ‘सीपीयूआयडी’ या आदेशाद्वारे विचारून घेते व पुढे त्यावर विसंबून राहते. चालू स्थितीतच तिला जुन्या प्रक्रियकावर नेले आणि तिने तेथे नसलेला आदेश दिला (उदा., इंटेलने २०१३ मध्ये आणलेल्या ‘एव्हीएक्स-२’ संचातील), तर काम कोसळते. म्हणून हायपरव्हायजर असे स्थलांतर मुळातच नाकारतो. यावर उपाय म्हणजे गटातील सर्वांत जुन्या प्रक्रियकास येणारे आदेशच सर्व आभासी संगणकांना दाखवावयाचे व बाकीचे झाकावयाचे. व्हीएमवेअरने अशी सोय २००८ मध्ये दिली. नव्या यंत्राचे पैसे मोजून त्याची काही क्षमता पडून ठेवणे, ही तिची किंमत होय. इंटेल व एएमडी यांच्यात मात्र या सोयीनेही चालू स्थलांतर साधत नाही. आभासी संगणक बंद करून दुसरीकडे पुन्हा सुरू करणे बहुधा शक्य असते.

हा भेद पुराच्या काळात कळीचा ठरतो. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांपलीकडे गेले, जुलै २०२१ मध्ये पुन्हा मोठा पूर आला व दोन्ही वेळी पुणे–बंगळूरू महामार्ग बंद पडला. तंत्रज्ञ पोहोचू शकत नाही, तेव्हा काम दुरूनच अन्य यंत्रावर हलवावे लागते. ते न थांबता हलेल की काही काळ खंडित होईल, हे खरेदीच्या दिवशीच ठरलेले असते. निविदेत गाभ्यांची संख्या व स्मृती यांचा उल्लेख असतो, पण प्रक्रियकाच्या पिढीचा राहून जातो, ही उणीव लहान नव्हे.

व्हीएमवेअरच्या २०२० मधील ७·० या आवृत्तीने इंटेलच्या ‘वेस्टमियर’ सर्व्हर-प्रक्रियकांचा व २०२२ मधील ८·० ने ‘सँडी ब्रिज’ पिढीचा पाठिंबा काढून घेतला. यंत्र धडधाकट असले, तरी त्यास जुन्या आवृत्तीवर राहावे लागते आणि तिच्या सुरक्षाविषयक दुरुस्त्या ठराविक मुदतीनंतर थांबतात. केव्हीएमच्या अटी या बाबतीत सौम्य असल्याने जुने सर्व्हर पुष्कळदा त्याखाली वापरात राहतात. एआरएम रचनेच्या प्रक्रियकांचा आदेशसंचच निराळा आहे. एक्स-८६ साठी उभारलेला आभासी संगणक त्यांवर केवळ अनुकरणाने चालविता येतो व तो बराच मंद चालतो.