बंद मोटार व लहान मूल

वैशाखातील ऊन जालनेकरांस नवे नाही. पारा ४२ अंशांवर गेला म्हणजे भर दुपारी लेकरास बाहेर काढू नये, हे कोणत्याही आजीबाईंस शिकवावे लागत नाही. परंतु दाराशी उभ्या असलेल्या मोटारीविषयी त्यांनी काही सांगून ठेविलेले नाही, कारण त्यांच्या काळी ती दाराशी नव्हती. आज ती आली आहे. तिच्याविषयीचे शहाणपण मात्र अद्याप यावयाचे आहे.

उन्हात बंद उभी असलेली मोटार ही एक काचेची पेटीच होय. सूर्यप्रकाश काचेतून सहज आत शिरतो व आसने तापवितो. आसने हवा तापवितात. आणि त्या हवेस बाहेर पडावयास वाट नसते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, तासाभरात आतील तपमान सरासरी २२ अंशांनी वाढलेले आढळले, व त्यातील सुमारे ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच दोन बोटे उघडी ठेवूनही म्हणण्यासारखा फरक पडला नाही. हे प्रयोग जालन्याच्या उन्हातले नव्हेत, हे ध्यानात घ्यावे. तेव्हा ‘पाच मिनिटांत येतो’ असे म्हणून मुलास आत बसवून किराणा आणावयास जाणे, हे साहस आहे. लहान मुलाचे शरीर मोठ्या माणसाच्या तिप्पट ते पाचपट वेगाने तापते, आणि दाराची कळ त्यास उमगतेच असे नाही.

श्रोतेहो, ही संकटे आपल्यापासून दूर नाहीत. १७ जून २०२३ रोजी नागपुरात तीन बालके दुपारी खेळावयास गेली ती परतली नाहीत. दुसऱ्या दिवशी सायंकाळी ती घराजवळच उभ्या असलेल्या मोटारीत मृतावस्थेत सापडली. एप्रिल २०२४ मध्ये मुंबईच्या अँटॉप हिल भागात एका जुन्या, पडून असलेल्या मोटारीत दोन भावंडांचा असाच अंत झाला. या मुलांस कोणी विसरले नव्हते. ती आपल्या पायांनी आत गेली होती. गॅरेजबाहेर व मोकळ्या जागांत महिनोन् महिने उघड्या दारांनी पडलेल्या गाड्या मुलांस खेळघरासारख्या वाटतात, आणि मालकास ती अडगळ वाटते. म्हणूनच तिकडे कोणाचे लक्ष नसते.

दुसरा प्रकार विसरण्याचा. मे २०२४ मध्ये राजस्थानातील कोटा जिल्ह्यात एक कुटुंब लग्नास गेले. आई थोरल्या मुलीसह उतरली. वडील मोटार लावावयास गेले. धाकटी आईबरोबर उतरली असे त्यांनी धरले, आणि ती आतच राहिली. लग्नसराईत मंगल कार्यालयाच्या दाराशी आपल्याकडे काय चालते ते आठवून पाहावे: आहेर कोणाच्या हाती, मूल कोणाच्या कडेवर, याचा पत्ता कोणासच नसतो. प्रत्येकजण दुसऱ्याच्या भरवशावर! अशा मातापित्यांस निष्काळजी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु फ्लोरिडातील स्मृतिशास्त्राचे अभ्यासक डेव्हिड डायमंड यांनी दाखविले आहे की, नित्याची वाट चालताना सवयीची स्मृती पुढे होते आणि ‘आज मूल मागे आहे’ ही नवी गोष्ट मागे पडते. मूल झोपी गेलेले असेल तर आठवण करून देणारा आवाजही नसतो. मायेचा येथे दोष नाही, म्हणून नुसत्या मायेवर विसंबूनही चालणार नाही. इटलीने तर २०१९ पासून चार वर्षांखालील मुलांच्या आसनास सूचना देणारे यंत्र सक्तीचे केले आहे.

आम्ही शिक्षक सहलीस निघालो म्हणजे पोरे मोजून चढवीत असू व मोजूनच उतरवीत असू. कोणत्या पोरावर आपला जीव अधिक आहे, हा प्रश्न तेथे नसे. घरच्या मोटारीसही हीच हजेरी लावावी. बाळास ज्याने घेतले त्याने ‘मूल माझ्याकडे आहे’ असे मोठ्याने म्हणावे. पिशवी, मोबाइल किंवा डावी चप्पल मागील आसनापाशी ठेवावी. म्हणजे उतरताना मागचे दार उघडावेच लागते. मोटार स्वतःच्या अंगणात असली तरी कुलूपबंद ठेवावी व किल्ली मुलाच्या हाती खेळणे म्हणून देऊ नये. जाणत्या मुलास भोंगा दाबावयास शिकवावे. बहुतेक गाड्यांत तो यंत्र बंद असताही वाजतो. मूल दिसेनासे झाले तर विहीर व हौद आपण आधी पाहतो. त्याच दमात आसपासच्या मोटारी आणि त्यांच्या डिक्याही पाहाव्यात.

बंद गाडीत मूल घामाघूम वा निपचित दिसले, तर मालकाचा शोध घेत बसू नये. मुलापासून दूरच्या बाजूची दाराची काच कोपऱ्यावर आघात करून फोडावी. समोरची काच सहसा फुटून निघत नाही. मुलास सावलीत आणून कपडे काढावेत, अंगावर पाणी शिंपडीत वारा घालावा. शुद्ध नसल्यास तोंडात पाण्याचा थेंबही घालू नये. तोवर दुसऱ्या कोणी १०८ क्रमांकास दूरध्वनी करावा, आणि रुग्णवाहिका येईतो वारा घालणे थांबवू नये.