न लपवावयाचें दुखणें

स्त्रीनें आपलें दुखणें चारचौघांत बोलूं नये, असा आपल्या सुशिक्षित घरांतूनही संकेत आहे. एकत्र कुटुंबांत तर तें सासूबाईंच्याही कानावर जात नाहीं. सामान्य दुखण्यांत ही भीड खपून जाते. परंतु गर्भाशयाच्या कांहीं विरळ व शीघ्र पसरणाऱ्या कर्करोगांत तीच प्राणावर बेतते.

सुश्रुतानें अर्बुदाचें वर्णन केलें आहे. तेव्हां हा रोग नवा नाहीं. नवें आहे तें उपचाराचें ज्ञान. ‘कोरिओकार्सिनोमा’ हा वारेच्या पेशींपासून होणारा कर्करोग पाहा. द्राक्षगर्भानंतर, गर्भपातानंतर, क्वचित् सुखरूप बाळंतपणानंतरही तो उद्भवतो आणि रक्तावाटे फुप्फुसांत पोहोंचतो. पूर्वीं तो पसरला कीं रोगी बहुधा दगावे. १९५६ सालीं अमेरिकेंत मिन चिऊ ली व रॉय हर्ट्झ यांनीं तो मेथोट्रेक्सेट या औषधानें बरा होतो, असें दाखविलें. हें औषध ज्या लेडर्ले प्रयोगशाळेंतून निघालें, तेथील संशोधनाची धुरा आपल्या आंध्रांतील येल्लाप्रगड सुब्बाराव यांनीं वाहिली होती. आज वेळेवर उपचार झाल्यास बहुतेक स्त्रिया बऱ्या होतात. पुष्कळींना पुढें मूलही होतें.

मात्र द्राक्षगर्भ काढल्यावर रक्तांतील एच.सी.जी. हें द्रव्य वारंवार तपासावें लागतें. त्या अवधींत गर्भ राहिल्यास हेंच द्रव्य वाढतें आणि रोग उलटला कीं काय, हें कळेनासें होतें. म्हणून डॉक्टर सांगतील तोंपर्यंत वडीलधाऱ्यांनीं नातवंडाची घाई करूं नये.

सगळेच विरळ कर्करोग औषधाला असे वश नसतात. गर्भाशयाचा सार्कोमा साध्या गाठीसारखा दिसतो. तशी गाठ पोटांतच तुकडे करून काढल्यास रोग पसरण्याचें भय असतें. म्हणून पाळी गेल्यावर रक्त दिसणें, बाळंतपणानंतर आठवडेच्या आठवडे रक्तस्राव न थांबणें, पोटांतील गांठ झपाट्यानें वाढणें, यांपैकीं कांहींही झालें तर थांबूं नये. रोगाचें नेमकें नांव तपासणीनें ठरवावें; दुर्मिळ नांव निघाल्यास तुकड्याच्या काचपट्ट्या व मेणाचा ठोकळा घेऊन मोठ्या केंद्रांतील तज्ज्ञांस दाखवावा.

अकोला-अमरावतीकरांना अशी केंद्रें अगदीं अप्राप्य नाहींत. नागपुरास राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नांवाचें कर्करोग रुग्णालय आहे; महाराज आपल्या यावलीचे, आणि १९६८ सालीं त्यांचा देह याच रोगानें ठेवला गेला. मुंबईस १९४१ पासून टाटा रुग्णालय आहे. तेथें उतरावें कोठें, ही चिंताही वऱ्हाडच्याच एका सत्पुरुषानें हलकी केली आहे: दादरला गाडगे महाराजांच्या नांवाची धर्मशाळा कर्करोग्यांना व त्यांच्या माणसांना आश्रय देते.

वाट आहे, गाडी आहे, आसराही आहे. पहिलें पाऊल मात्र घरांतच पडावयाचें असतें. सुनेनें सांगावें, सासूनें ऐकावें आणि पुरुषांनीं खर्चाची व रजेची सोय विनातक्रार करावी. एवढें झालें तरी कित्येक घरांतील माउली वांचेल.