टेनेरे ७०० भारतात आली तर चालेल का? परदेशी यशाचा इथला हिशेब

परवाच्या व्हिडिओत आकडे भराभर गेले आणि बऱ्याच जणांनी सांगितलं की सर, ते जरा लिहून द्या. म्हणून हा लेख. व्हिडिओ पाहिला नसेल तरी हरकत नाही, इथून सगळं समजेल.

प्रश्न असा होता. यामाहाची टेनेरे ७०० ही अॅडव्हेंचर बाईक २०१९ पासून युरोपात विकली जाते, तिकडे तिचं नाव आहे. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीच्या भारत मोबिलिटी प्रदर्शनात यामाहाने ती आणून उभी केली आणि आपल्याकडच्या बायकर मंडळींच्या अंगात आलं. आता येणार, आता येणार! खारघरचा एक तरुण अॅक्सेसरीजचं दुकान टाकतोय. क्रॅश गार्ड, साइड बॉक्स, जॅकेट, ग्लोव्ह्ज असा माल. त्याचं म्हणणं, "सर, ही गाडी येणारच. आत्ताच तिचा माल भरून ठेवला तर नवी मुंबईत पहिला मीच असेन." घरचे पैसे आहेत, थोडं कर्ज आहे. म्हणजे प्रश्न गाडीचा वाटतो, पण आहे दुकानाचा.

माझं उत्तर आधी सांगतो, मग कारणं. गाडी आली तर हौशी लोक घेतील, फोटो काढतील, रील्स फिरतील. पण तिच्या जिवावर दुकान चालणार नाही.

"परदेशात चालते" म्हणजे नेमकं काय, इथून सुरुवात करू. होंडाची सीबी५००एक्स घ्या. ४७१ सीसी, दोन सिलिंडर, युरोपात छान विकलेली गाडी. तिची ताकद साधारण ४७.५ पीएस, म्हणजे बरोबर ३५ किलोवॅट. हा आकडा असाच आलेला नाही. युरोपात ए-टू नावाचं लायसन्स असतं. अठराव्या वर्षी मिळतं आणि त्यावर जास्तीत जास्त ३५ किलोवॅटची गाडी चालवता येते. दोन वर्षांनी पुढची परीक्षा दिली की मोठी गाडी. म्हणजे तिकडच्या वीस वर्षांच्या पोराला कायद्याने चालवता येईल अशी सगळ्यात दमदार गाडी होंडाने बनवली. टेनेरेचीसुद्धा ३५ किलोवॅटपर्यंत आवळलेली आवृत्ती तिकडे मिळते, ती याच गिऱ्हाइकासाठी.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे गिअरवाल्या मोटरसायकलचं एकच लायसन्स. त्यावर १०० सीसी चालवा नाहीतर १००० सीसी. म्हणजे तिकडे ज्या गुणामुळे ही गाडी उचलली जाते, त्या गुणाची इथे किंमत शून्य. गाडी तीच, पण तिला विकणारं कारण जहाजात चढलंच नाही.

आणि झालंही तसंच. होंडाने सीबी५००एक्स मार्च २०२१ मध्ये भारतात आणली, ६ लाख ८७ हजार एक्स-शोरूम. सुटे भाग आणून इथे जोडलेली, तरी एवढी किंमत. त्याच सुमारास कावासाकीची व्हर्सिस ६५० सात लाखांच्या आसपास मिळत होती. म्हणजे थोडेच पैसे जास्त घातले की पावणेदोनशे सीसी जास्त. आणि खाली बघितलं तर केटीएम ३९० अॅडव्हेंचर तीन लाखांच्या आसपास, एनफिल्डची हिमालयन दोन लाखांच्या आसपास. वरच्या पायरीला चिकटलेली, खालच्या पायरीपासून फार लांब. पुढच्याच वर्षी होंडाला किंमत एक लाखाहून जास्त उतरवून ५ लाख ७९ हजारांवर आणावी लागली. २०२४ च्या जानेवारीत तिच्या जागी एनएक्स५०० आली, ५ लाख ९० हजारांना. गाडी वाईट होती का? अजिबात नाही. ज्यांनी घेतली ते खूश आहेत. पण कंपनी आनंदी गिऱ्हाइकांवर चालत नाही, पुरेशा गिऱ्हाइकांवर चालते.

यामाहाचा स्वतःचा अनुभवही बघा. आर-थ्री आणि एमटी-०३ या ३२१ सीसीच्या गाड्या त्यांनी डिसेंबर २०२३ मध्ये तयार आयात करून आणल्या, ४ लाख ६० हजारांच्या पुढे. फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन्हींची किंमत सुमारे १ लाख १० हजारांनी खाली. तुमच्या दुकानात एखाद्या मालाची किंमत चौदा महिन्यांत जवळपास पाव भाग उतरवायची वेळ आली, तर तुम्ही काय समजाल? तेच समजा.

आता टेनेरेचं गणित. हे आकडे मी समजण्यासाठी धरलेत, कंपनीने सांगितलेले नाहीत. समजा गाडी बंदरात पोचली तेव्हा ५ लाखांना पडली. तयार गाडीवर आयात शुल्क ४० टक्के, म्हणजे २ लाख. झाले ७ लाख. कंपनी आणि डीलर मिळून फक्त १० टक्के मार्जिन धरू, ७० हजार. झाले ७ लाख ७० हजार. यावर जीएसटी ४० टक्के, ३ लाख ८ हजार. एक्स-शोरूम १० लाख ७८ हजार. रोड टॅक्स आणि इन्शुरन्स धरून वाशी आरटीओच्या दारातून बाहेर पडेपर्यंत साडेबाराच्या आसपास.

अंदाज हवेतला आहे का? होंडाची ट्रान्सअल्प, ७५५ सीसीची, याच जातीची गाडी. २०२३ च्या अखेरीस ती तयार आयात होऊन आली आणि किंमत होती ११ लाखांना दहा रुपये कमी. गंमत म्हणजे तेव्हा आयात शुल्क ५० टक्के होतं आणि जीएसटी सेससकट ३१ टक्के. २०२५ च्या बजेटमध्ये शुल्क १० टक्क्यांनी उतरलं, सप्टेंबरमध्ये जीएसटी ९ टक्क्यांनी चढला. मघाचंच गणित जुन्या दरांनी करून बघा, उत्तर १० लाख ८० हजार येतं. एका हाताने दिलं, दुसऱ्या हाताने घेतलं.

साडेबारा लाखांत नवी मुंबईतला माणूस काय घेतो? चारचाकी घेतो. घरात विषय निघाला की बायको, आई, पोरं सगळे गाडीच्या, म्हणजे कारच्या बाजूने मत देणार. यात कोणाचं चुकतं असं मला वाटत नाही.

बरं, घेतली, तर चालवणार कुठे? मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी. अटल सेतू २०२४ च्या जानेवारीत उघडला, त्यावरही दुचाकीला बंदी. म्हणजे ७०० सीसीचा वेग जिथे कामाला येईल ते आपल्या दारातले दोन्ही रस्ते बंद. उरतो जुना हायवे, खोपोली, माळशेज आणि मुंबई-गोवा महामार्ग. या गोवा महामार्गाच्या रखडलेल्या कामावर मी बोलायला लागलो तर लेख संपणार नाही. पण खरं सांगायचं तर आपल्याकडे अॅडव्हेंचर बाईक जी विकली जाते ती वाळवंटात जाण्यासाठी नाही. गणपतीला गावी जाताना वडखळ-माणगावच्या खड्ड्यांत कंबर शाबूत राहावी म्हणून विकली जाते. त्या कामाला लागतात लांब हालचालीचं सस्पेन्शन, मोठं पुढचं चाक, आणि मागच्या सीटवर बसणारीला नीट बसता येईल अशी उंची. टेनेरेची सीट ८७५ मिलिमीटर. सिग्नलला दोन्ही पाय टेकायला आपल्यातल्या बऱ्याच जणांना नाचावं लागेल.

मग ही जात आपल्याकडे चालतच नाही का? चालते की! आणि त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. बजाजने २००७ मध्ये ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये हिस्सा घेतला. चाकणच्या कारखान्यात केटीएमच्या छोट्या गाड्या बनू लागल्या आणि तिथूनच परदेशात जाऊ लागल्या. ३९० अॅडव्हेंचर नोव्हेंबर २०१९ मध्ये मिलानच्या प्रदर्शनात दाखवली आणि जानेवारी २०२० मध्ये भारतात विक्रीला आली, २ लाख ९९ हजारांना. परदेशी नाव, पण घडण चाकणची. आयात शुल्काचा टप्पाच गायब.

पण यापुढचं जास्त शिकण्यासारखं आहे. तीनच्या आतली किंमत गाठली तरी काम संपलं नव्हतं. एका बाजूला हौशी लोक ओरडत होते की तारांची चाकं द्या, सेटिंग बदलता येणारं सस्पेन्शन द्या. दुसऱ्या बाजूला खूप लोकांना गाडी आवडायची पण महाग वाटायची. २०२३ मध्ये त्यांनी दोघांना वेगवेगळं उत्तर दिलं. रंगीत डिस्प्ले आणि काही इलेक्ट्रॉनिक्स काढून ३९० अॅडव्हेंचर एक्स, २ लाख ८० हजारांना. आणि तारांची चाकं, बदलता येणारं सस्पेन्शन घालून महागडी आवृत्ती, ३ लाख ६० हजारांना. एकच गाडी, दोन खिसे. २०२५ मध्ये ३९० एन्ड्युरो आर आणली तेव्हा भारतातल्या गाडीचं सस्पेन्शन परदेशापेक्षा आखूड ठेवलं, सीट ३० मिलिमीटर खाली आली. त्यावर जाणकार नाराज झाले. मग लांब सस्पेन्शनवालीही थोड्या जास्त पैशांत दिली. परदेशातली गाडी जशीच्या तशी उचलून ठेवणं वेगळं, आणि इथल्या माणसाच्या उंचीनुसार, खिशानुसार ती पुन्हा शिवणं वेगळं. हे दुसरं काम चाकणमध्ये कारखाना असल्यामुळे जमतं. जहाजातून शंभर-दोनशे गाड्या मागवणाऱ्याला जमत नाही.

आता एक रेष लक्षात ठेवा, ३५० सीसीची. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत जीएसटी १८ टक्के, त्याच्या वर ४० टक्के. करापूर्वी अडीच लाखांची गाडी घ्या. रेषेच्या आत २ लाख ९५ हजार, रेषेच्या बाहेर साडेतीन लाख. एका सीसीने ५५ हजारांचा फरक! हिमालयन ४५० आणि केटीएम ३९० दोन्ही रेषेच्या बाहेर. कावासाकीची व्हर्सिस-एक्स ३०० बघा. २०१७ मध्ये ४ लाख ६० हजारांना आली, कोणी फारसं विचारलं नाही, बीएस-सिक्स आलं तेव्हा गेली. २०२५ मध्ये ३ लाख ८० हजारांना परत आली आणि काही महिन्यांत तिच्यावरचा कर १८ टक्क्यांवर आला. पुढच्या दोन-तीन वर्षांत मधल्या आकाराची चालणारी गाडी याच रेषेच्या आत, इथेच बनलेली असेल, असा माझा अंदाज आहे.

आता दुकान. क्रॅश गार्ड, बॅश प्लेट, साइड बॉक्सचे स्टँड हा माल प्रत्येक मॉडेलला वेगळा असतो. टेनेरेचा क्रॅश गार्ड हिमालयनला बसत नाही, त्यामुळे तो विकला नाही तर भंगाराच्या भावाने जातो. हेल्मेट, ग्लोव्ह्ज, रेनकोट, सॅडल बॅग हे कोणालाही विकता येतं. सुरुवातीला भांडवलाचा मोठा भाग या दुसऱ्या मालात घाला. मॉडेलचा माल फक्त रस्त्यावर दिसणाऱ्या गाड्यांचा. त्या कुठल्या हे घरबसल्या अर्धं कळतं. सरकारच्या वाहन डॅशबोर्डवर वाशीचं एमएच-४३ आणि पनवेलचं एमएच-४६ निवडा, कंपनीनुसार महिन्याची नोंदणी दिसते, फुकट. मॉडेल मात्र तिथे कळत नाही. त्यासाठी दोन रविवार पहाटे सहाला जुन्या हायवेवर पनवेलच्या पुढच्या एखाद्या चहाच्या टपरीवर वही घेऊन बसा आणि मोजा. हिमालयन किती, केटीएम किती, एक्सपल्स किती, व्ही-स्ट्रॉम एसएक्स किती. प्रत्येकीला क्रॅश गार्ड आधीच लागलेला आहे की नाही तेही लिहा, कारण लागलेला असेल तर तो माणूस तुमचं गिऱ्हाईक नाही.

आणि टेनेरे आलीच, आणि तिचा मालक दुकानात आलाच, तर त्याला नाही म्हणू नका. निम्मे पैसे आगाऊ घ्या, तीन आठवड्यांची मुदत सांगा आणि माल मागवून द्या. ज्याने साडेबारा लाख मोजलेत तो तीन आठवडे थांबतो.