कायद्याचे दोन कान

रात्रीचे दहा वाजले की वाई असो, कराड असो की मंगळवेढा, गावातल्या प्रत्येक घराच्या दाराशी एक वजाबाकी होते. ५५ वजा १०. दिवसा राहत्या वस्तीत ५५ डेसिबल चालतात. दहाच्या ठोक्याला त्यांचे ४५ होतात आणि सकाळी सहापर्यंत तेवढेच राहतात. केंद्र सरकारने २००० साली केलेल्या ध्वनिप्रदूषण नियमांतले हे आकडे. वाचताना वाटतं, एवढंच? पंचावन्नातले दहा म्हणजे पाचवा हिस्साही नाही!

पण डेसिबलमध्ये दहा उतरले की आवाजाची ऊर्जा थेट एक दशांशावर येते. वीस उतरले तर शंभराव्या हिश्श्यावर, तीस उतरले तर हजाराव्या. म्हणजे रात्री दहाला कायदा गावाकडे दहातले नऊ भाग आवाज परत मागतो.

असा तिरपागडा हिशेब मांडायचाच कशाला? कारण आपला कानच तिरपागडा आहे. ऐकू येईल इतका बारीकात बारीक आवाज कानावर पडतो तेव्हा कानाचा पडदा हायड्रोजनच्या अणूच्या व्यासापेक्षाही कमी हलतो. अणूपेक्षाही कमी! आणि कान दुखायला लागतो त्या आवाजाची तीव्रता त्याच्या किती पट असते? एक लाख कोटी पट. सरकारच्या अर्थसंकल्पात शोभणारा हा आकडा शेंगदाण्याएवढ्या जागेत मावतो. इतकी शून्यं लिहीत बसणं कुणालाच परवडलं नसतं, म्हणून दर दहापटीला दहा पायऱ्या असं ठरलं आणि सगळा पसारा ० ते १२० मध्ये बसला.

याच जिन्यावर विसर्जनाच्या दिवशी गंमत होते. सातारा-कोल्हापूरकडे स्पीकरच्या भिंतीला ‘डॉल्बी’च म्हणतात. एक डॉल्बी १०० डेसिबल देत असेल आणि शेजारी तेवढाच दुसरा उभा राहिला, तर एकूण किती? २०० नव्हे. १०३. ऊर्जा दुप्पट झाली की फक्त तीन पायऱ्या चढतात. आता उलटं बघा. पोलिसांनी दम दिला आणि मंडळाने निम्मे स्पीकर खाली उतरवले. सगळ्यांना वाटतं, निम्मं काम झालं. प्रत्यक्षात उतरले तीनच डेसिबल, आणि तेवढा फरक कानाला जेमतेम कळतो. आवाज ‘निम्मा झाला’ असं वाटायला दहा डेसिबल लागतात, म्हणजे दहातले नऊ स्पीकर घरी पाठवावे लागतात. त्यापेक्षा लांब जाणं स्वस्त. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल गळतात. पेठेतल्या बोळात मात्र हेही सुख नाही. दोन्ही बाजूंच्या भिंती आवाज पसरू न देता एकमेकींकडे परतवत राहतात.

सरासरीचंही तसंच. नियमातला आकडा हा काही वेळाची सरासरी असतो, आणि ती ऊर्जेवरून काढतात. एका तासात एकच मिनिट १०० डेसिबलची वरात दारावरून गेली आणि उरलेली ५९ मिनिटं चिटपाखरूही बोललं नाही, तर त्या तासाची सरासरी किती येईल? ८२! एक मिनिट एकोणसाठांना गिळून टाकतं.

आणि रात्र? दहाची वजाबाकी लोकांच्या झोपेसाठी केली, हे उघड आहे. पापण्या मिटतात, कानांना झाकण नाही. झोपलेला मेंदूसुद्धा स्वतःचं नाव ओळखतो. पण रात्र आणखी एक खोडी काढते. दिवसा जमिनीलगतची हवा तापलेली असते आणि वर गार, त्यामुळे आवाज वाकून आकाशाकडे निघून जातो. स्वच्छ आकाशाच्या रात्री जमीन निवते, खालची हवा गार होते आणि वरची तुलनेने उबदार राहते. मग आवाज उलटा वळतो आणि पुन्हा खाली येतो. पलीकडच्या वाडीतलं भजन मध्यरात्री उशाशी ऐकू येतं ते त्यामुळेच. भजनी मंडळाने आवाज वाढवलेला नसतो, हवेने त्याचा मार्ग बदललेला असतो.

लहान गावात या नियमाची खरी पंचाईत नकाशावर होते. नियमाला चार प्रकारचे भाग ठाऊक आहेत: औद्योगिक, व्यापारी, राहता आणि शांतता क्षेत्र. आपल्या बाजारपेठेत खाली कापडदुकान, माडीवर कुटुंब, समोर शाळा, कोपऱ्यावर दवाखाना. हा कोणता भाग? नियम सांगतो, असं मिश्रण असेल तर अधिकाऱ्यांनी चारांतला एक निवडावा. रुग्णालय, शाळा आणि न्यायालयाभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र करता येतं. तसं एक वर्तुळ सुमारे पावणेआठ एकर व्यापतं. तालुक्याच्या गावाच्या नकाशावर कंपास घेऊन अशी वर्तुळं काढून बघा, मिरवणुकीला रस्ता शोधावा लागेल! मात्र २०१७च्या दुरुस्तीनंतर शांतता क्षेत्र सरकारने स्पष्टपणे जाहीर करावं लागतं. नुसती शाळा असून भागत नाही. शिवाय वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस सणासमारंभांसाठी कर्ण्याची वेळ बारापर्यंत वाढवायची मुभा राज्याला आहे.

आता मला सगळ्यात विलक्षण वाटणारी गोष्ट. नियमात नुसतं डेसिबल लिहिलेलं नाही, ‘डेसिबल (ए)’ लिहिलंय. हा ‘ए’ कोण? १९३३ साली बेल टेलिफोन प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी माणसांच्या कानांना हेडफोन लावून वेगवेगळे स्वर ऐकवले आणि कोणता किती मोठा वाटतो ते विचारलं. कळलं असं, की हलक्या आवाजात आपला कान खर्जाला जवळजवळ बहिरा असतो. त्यावरून मापकात एक गाळणी बसवली गेली, तीच ‘ए’. मधले स्वर ती जसेच्या तसे मोजते. ६३ हर्ट्झच्या खर्जातून मात्र २६ डेसिबल कापून टाकते. २६ म्हणजे चारशे पट! वाण्याच्या काट्याने साखर बरोबर तोलावी आणि तेलाचा डबा ठेवला की चारशेवा हिस्साच दाखवावा, तसं हे आहे.

आणि डॉल्बीचा जीव कशात असतो? नेमका याच ६३च्या आसपासच्या ठोक्यात. या ठोक्याची एक लाट साडेपाच मीटरच्या आसपास लांब असते. ती घराला वळसा घालते, खिडकी-भिंतीतून आत शिरते. ‘स’, ‘श’सारख्या अक्षरांच्या लाटा काही सेंटिमीटरच्या, त्या दारातच अडतात. म्हणून खिडक्या लावून बसल्यावर गाणं कोणतं ते कळत नाही, पण धडधड पोचते. ती धडधड घरात खरी ७१ डेसिबलची असली तरी ‘ए’ काटा दाखवतो ४५. रात्रीच्या मर्यादेत, अगदी काठावर!

बरं, आवाज वाढला की कानाचा हा बहिरेपणा कमी होत जातो. मोठ्या आवाजात खर्ज आपल्याला चांगला ऐकू येतो. म्हणजे हलक्या आवाजावरून घेतलेलं माप आपण मिरवणुकीला लावतो आहोत. रस्त्यात उभा असलेला डॉल्बी ‘ए’ काट्यावरही मर्यादा सहज ओलांडतो, तो प्रश्न वेगळा. तीन गल्ल्या पलीकडे उशी डोक्यावर घेऊन पडलेल्या माणसाची तक्रार मात्र या गाळणीतून गळून जाते, कारण तक्रारीसाठी आवाज मर्यादेच्या वर दहा डेसिबल असावा, म्हणजे ऊर्जेत दहापट, अशी सर्वसाधारण अट आहे. रात्रीचे निर्बंध मोडले असतील तर ही अट लागत नाही, एवढी सोय आहे.

मोठ्या आवाजासाठी वेगळी गाळणी नाहीच का? आहे, ‘सी’. ती ६३ हर्ट्झवर पुरता एक डेसिबलही कापत नाही. आणि आपल्या कायद्याला ती चांगली माहीत आहे! १९९९च्या नियमानुसार फुटण्याच्या जागेपासून चार मीटरवर १४५ डेसिबल (सी)पेक्षा मोठा टोला देणारा फटाका बनवायला, विकायला आणि वाजवायला बंदी आहे. इथे सरासरी नाही, क्षणाचं टोक मोजतात. तेही बरोबरच आहे. कानात सहा मिलिमीटरचा एक स्नायू असतो, हाडांना जोडलेल्या स्नायूंतला सगळ्यात छोटा. मोठा आवाज आला की तो आवळून आतल्या यंत्रणेला वाचवतो. पण त्याला जागं व्हायला सेकंदाचा काही भाग लागतो, आणि फटाका त्याआधीच फुटून मोकळा झालेला असतो. आत ध्वनी टिपणाऱ्या पेशी प्रत्येक कानात सुमारे १५ हजार. मेलेल्या पेशी कोंबडीच्या कानात पुन्हा उगवतात, माणसाच्या नाही.

चांगल्या ध्वनिमापकावर ‘ए’ आणि ‘सी’ दोन्हींची सोय असते. पुढच्या मिरवणुकीत कुणाच्या हातात तो दिसला तर दोन्ही आकडे मागून घ्या आणि ‘सी’तून ‘ए’ वजा करा. फरक चार-पाच डेसिबलचा आला तर बहुधा समोर झांजा, ताशा नि माणसांचा गलका आहे. पंधरा-वीसचा आला तर तो ठोका आहे, आणि तो अजून बऱ्याच गल्ल्या चालत जाणार आहे.