टाकळा कुठला?

जुलैचा पहिला आठवडा. पालघरच्या एका महाविद्यालयात निसर्ग मंडळाने रानभाज्यांचं प्रदर्शन मांडलंय. वनस्पतिशास्त्र विभागाबाहेरच्या व्हरांड्यात बाकं जोडून त्यावर वर्तमानपत्रं अंथरली आहेत. पत्र्यावर पाऊस असा वाजतोय की पाहुण्यांचं भाषण पहिल्या दोन रांगांपलीकडे पोचत नाही. मागच्या मुलांची त्याबद्दल काही तक्रार दिसत नाही.

जेवढं ऐकू येतं त्यात लोह, कॅल्शियम आणि कुपोषण हे शब्द वारंवार येतात. ज्या जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी १९९२ साली महाराष्ट्र हादरला, तिकडच्याच बाया आपले हारे घेऊन पलीकडे बसल्या आहेत. पावसाळ्यात रान भाजी देतं हे त्यांना कुणी सांगायला नको. पण नुसत्या भाजीवर घर चालत नाही, तिच्यासोबत भाकरीही लागते. भाषणात भाकरी येत नाही.

भाषण संपतं आणि गर्दी टेबलांकडे वळते. प्रत्येक भाजीपुढे पुठ्ठ्याची चिठ्ठी: वर स्थानिक नाव, खाली शास्त्रीय. कोळी, म्हणजे ठाण्याकडची फोडशी. कुरडू, लोत, करटोली, मोहाच्या दोड्या. टोकाला शेवळं, हंगामातली शेवटची. पहिल्या पावसासोबत जमिनीतून वर येतात आणि बघता बघता संपतात. चिठ्ठीवर ‘अमॉर्फोफॅलस कम्युटॅटस’ असं वळणदार अक्षरात लिहिलंय. शेजारी काकडाच्या हिरव्या, आंबट फळांची ओंजळभर रास.

विक्रमगडकडच्या एक मावशी शेवळं निवडून दाखवतायत. बाहेरचं तपकिरी वेष्टन सोलतात, आतल्या दांड्यावरचा पिवळा दाणेदार भाग नखाने खरवडून बाजूला टाकतात, उरलेलं बारीक चिरतात. हाताला तेल लावलेलं आहे. एक मुलगी तेलाशिवायच मदतीला बसते.

“बाय, हात खाजतील गं.”

“नाही मावशी, मी लॅबमध्ये पण करते.”

दोनच मिनिटांत ती मनगट ओढणीला घासायला लागते. मावशी हसत नाहीत, न बोलता तेलाची वाटी पुढे सरकवतात.

त्या मुलीचाच सूक्ष्मदर्शक टेबलाच्या टोकाला मांडलाय. काचपट्टीवर शेवळाचा पातळ काप. ती मावशींना बोलावते. मावशी एक डोळा तळहाताने झाकून वाकतात, बराच वेळ तशाच राहतात.

“सुया हायत.”

“कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक. त्याच टोचतात, म्हणून खाज येते.”

“आन् काकड टाकला का त्या कुठं जातात?”

मुलगी वनस्पतिशास्त्राच्या मॅडमकडे बघते. मॅडम म्हणतात, आंबटाने त्रास कमी होतो हे खरं, पण सुया विरघळतात की आणखी काही होतं ते शिजवल्यावर बघायला हवं. एक भांडं काकड घालून, एक न घालता, आणि दोन्हींच्या काचपट्ट्या. भाषणापेक्षा हा प्रश्न मला मोलाचा वाटतो. दोन मुलं लगेच शेगडी शोधायला पळतात.

मधल्या टेबलावर मात्र वेगळंच काही चाललंय. बोईसरहून लोकलने आलेल्या एका मुलाने टाकळा आणलाय. पानं कोवळी, तजेलदार, एकालाही कीड नाही. चिठ्ठीही बिनचूक: ‘सेना टोरा’. मावशी जुडी उचलतात, वास घेतात, मुळाशी चिकटलेली माती बोटांनी चोळून बघतात.

“कुठला रे पोरा?”

“आमच्या खोलीच्या मागे उगवतो. एमआयडीसीत, नाल्याच्या कडेला.”

मावशी जुडी खाली ठेवतात. पण टेबलावर नाही, जमिनीवर. मुलगा वरमतो. “झाड तेच आहे ना पण?” तो मॅडमना विचारतो. झाड तेच आहे, यात वाद नाही.

मॅडम त्याला बाजूला न घेता सगळ्यांसमोरच उत्तर देतात, हे बरं करतात. बोईसरची ही एमआयडीसी म्हणजेच तारापूर औद्योगिक क्षेत्र; केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषण निर्देशांकात त्याचे गुण ९३.६९ होते, देशात सर्वांत जास्त. आणि या परीक्षेत जास्त गुण म्हणजे नापास. तिथल्या सांडपाण्याविरुद्ध किनाऱ्यावरच्या मांगेला मच्छीमारांची संघटना राष्ट्रीय हरित लवादात गेली. नाल्यात जड धातू असले तर ते मातीत उतरतात, मातीतून पाल्यात येऊ शकतात, आणि पाल्याचा हिरवेपणा त्याबद्दल काही सांगत नाही. “तुझ्या जुडीत काय आहे ते तपासल्याशिवाय मी सांगू शकत नाही. पण तपासेपर्यंत ती ताटात नको.”

“आमी तिकडं रस्त्याच्या कडंचीबी नाय खुडत,” मावशी म्हणतात. “गाडीचा धूर बसतो.”

मुलाचं तोंड अजून पडलेलंच आहे. त्याच्या खोलीवर चौघं राहतात, दोघं कारखान्यात पाळीला जातात, आणि गेला आठवडाभर टाकळ्याची भाजी सगळ्यांनी आवडीने खाल्ली आहे. हे तो आधी पुटपुटतो, मग मॅडमनी विचारल्यावर मोठ्याने सांगतो. कुणी हसत नाही. मॅडम जुडी प्लास्टिकच्या पिशवीत घालतात, वर तारीख आणि जागा लिहितात, नाल्याकाठची मूठभर माती आणायला सांगतात. मग खडू घेऊन फळ्यावर लिहितात: प्रत्येक चिठ्ठीवर तिसरी ओळ, ‘कुठून आणली’.

व्हरांड्यात एकच धांदल उडते. पेनं शोधली जातात, घरी फोन लागतात. कोळी मनोरजवळच्या डोंगरउतारावरची, लोत वाड्याकडच्या वईतली. कुरडूवाली मुलगी आईशी फोनवर वाद घालते, आणि शेवटी ‘आजोबांच्या वाडीतून, बांधावर’ असं लिहून मोकळी होते. करटोलीपुढचा मुलगा मात्र पेन हातात धरून नुसता उभा आहे.

“लिही ना.”

“मॅडम, ती मी स्टेशनबाहेरून घेतली. साठ रुपये पाव.”

आता मात्र हशा पिकतो. मावशी उठून करटोली हातात घेतात, एक मोडून बघतात.

“माझ्या जावंनं विकली आसंल. ती बसती तिथं. साठ रुपये दिलंस? मला इचारायचं होतं, पन्नासला दिली असती.”