अडाणी म्हणजे मूर्ख नव्हे

समानार्थी शब्दांच्या यादीत मूर्ख, अडाणी, मठ्ठ, ढ, बावळट, वेंधळा हे शब्द बहुधा एकाच ओळीत बसवलेले असतात. परीक्षेपुरते ते ठीक आहे. प्रत्यक्ष बोलण्यात मात्र यांपैकी एकाही शब्दाची जागा दुसरा नेमकी घेऊ शकत नाही. प्रत्येक शब्द निराळ्या उणिवेवर बोट ठेवतो, आणि काही शब्द तर जी मुळात उणीवच नाही अशा गोष्टीवर बोट ठेवतात. घरात, वर्गात आणि वसतिगृहात मुले हे शब्द रोज ऐकतात व एकमेकांना लावतात. म्हणून त्यांतील अंतर समजून घेणे पालकांना आणि शिक्षकांनाही अगत्याचे आहे.

‘मूर्ख’ हा शब्द विवेकाविषयी आहे. समजण्याची कुवत असूनही जो हिताहित पाहत नाही, तो मूर्ख. त्यामुळे विद्वान मनुष्यही मूर्ख असू शकतो आणि मराठीत ‘पढतमूर्ख’ हा शब्द सहज रुळला आहे. ‘अडाणी’ हा शब्द शिक्षणाविषयी आहे. ज्याला एखादी गोष्ट कोणी शिकवलीच नाही, तो त्या गोष्टीपुरता अडाणी. ‘सुशिक्षित अडाणी’ असे म्हटले की त्यातील उपरोध तत्काळ लक्षात येतो, कारण ते दोन शब्द परस्परविरोधी आहेत. ‘पढतमूर्ख’ या शब्दात तसा विरोध जाणवत नाही. ‘निरक्षर’ हा शब्द याहूनही मर्यादित आहे. अक्षरओळख नाही, यापलीकडे तो काही सांगत नाही. बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) निरक्षर होत्या. पण शेती, माणूस आणि संसार यांविषयीची त्यांची जाण पाहता त्यांना अडाणी म्हणण्यास कोणी धजणार नाही.

‘मठ्ठ’ हा शब्द गतीविषयी आहे. हाकलूनही पाऊल न उचलणाऱ्या बैलाला मठ्ठ म्हणतात. तोच शब्द उशिरा समजणाऱ्या मुलालाही लावला जातो. ‘ढ’ हा तर शाळेचाच शब्द. अशोकाच्या ब्राह्मी लेखांतील ‘ढ’ आणि आजचा ‘ढ’ यांच्या आकारांत बरेच साम्य आहे. इतर अक्षरे बदलत गेली, हे मात्र फारसे बदलले नाही. म्हणून पुढे न सरकणारा विद्यार्थी ‘ढ’, अशी एक उपपत्ती सांगितली जाते. ‘बावळट’ हा शब्द प्रामुख्याने राहणी आणि वागणे यांविषयी, तर ‘वेंधळा’ हा अवधानाविषयी आहे. वेंधळ्या मुलाला सारे समजते, परंतु त्याची वही वर्गात राहते आणि चप्पल जेवणघरापाशी. ‘भोळा’ या शब्दात तर निम्मी स्तुतीच आहे. दुसऱ्यावर चटकन विश्वास ठेवणे हाच काय तो त्या माणसाचा दोष.

‘गावंढळ’ या शब्दापाशी प्रकार बदलतो. गावंढळ म्हणणारा समोरच्याच्या बुद्धीविषयी काहीच सांगत नाही. त्याची बोली आणि चालरीत खेड्यातील आहे, हेच तो हिणवून सांगतो. ‘वेडा’ हा शब्द लाडानेही वापरला जातो. परंतु ज्या घरात कोणी मनाच्या आजाराशी झुंजत आहे, तेथे तो लाडाचा राहत नाही. जातीच्या नावाने दिलेली शिवी या साऱ्यांत क्रूर. तिच्यात कोणत्याही कृतीचा उल्लेख नसतो, केवळ जन्माचा असतो. अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ अन्वये या समाजांतील व्यक्तीला चारचौघांत जातिवाचक शिवीगाळ करणे हा आज गुन्हा आहे.

अपमानाच्या शब्दांची अशी छाननी पाली विनयपिटकात फार पूर्वीच झालेली आहे. भिक्षूंसाठी असलेल्या पाचित्तिय नियमांपैकी दुसरा नियम टाकून बोलण्यासंबंधी आहे. जन्म, नाव, गोत्र, काम, हस्तकौशल्य, आजार, शरीराची ठेवण, मनाचे विकार, घडलेले अपराध आणि प्रत्यक्ष शिवी, असे अपमानाचे दहा प्रकार तेथे सांगितले आहेत. विशेष म्हणजे, कमी लेखण्याच्या हेतूने ‘पंडित’ असा गौरवाचा शब्द वापरला, तरीही तो दोषच मानला आहे. नापास झालेल्या मुलाचे ‘या पंडित!’ असे स्वागत करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

याच नियमाच्या निमित्ताने तक्षशिलेच्या नंदिविशाल बैलाची कथा येते; जातकातही ती आहे. त्याच्या मालकाने हजाराची पैज लावली की, माझा बैल एकत्र बांधलेल्या शंभर गाड्या ओढील. ऐन वेळी मालक त्याच्यावर ‘कूट’, म्हणजे लबाड, असे म्हणून ओरडला. बैल जागचा हलला नाही आणि पैज हरली. पुढे दुप्पट रकमेची पैज लागली. या वेळी मालकाने त्याला ‘भद्र’ म्हणून हाक दिली आणि बैलाने गाड्या ओढून नेल्या. बैलाचे बळ दोन्ही दिवशी तेवढेच होते.

आता पुन्हा ‘अडाणी’ या शब्दाकडे वळू. आपल्यापैकी अनेकांचे आजी-आजोबा शाळेची पायरी चढले नाहीत. कित्येकांना ती चढू दिली गेली नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) या ग्रंथात शूद्रांच्या दुर्दशेचे मूळ अविद्येत दाखवले, आणि ती अविद्या कोणी व कशी लादली हेही सांगितले. अडाणी आणि मूर्ख हे शब्द एकच मानले, तर ज्यांना विद्या नाकारली गेली त्यांच्याच बुद्धीवर ठपका येतो.

ही गल्लत बाहेरचेच लोक करतात असे नाही. शिकून नोकरीस लागलेला मुलगा पाहुण्यांदेखत आईला म्हणतो, ‘तू अडाणी, तुला काय कळतं?’ या वाक्याचा पहिला भाग तिच्या बालपणी तिला न मिळालेल्या शाळेविषयी आहे. दुसरा तिच्या बुद्धीविषयी आहे. पहिल्यावरून दुसरा सिद्ध होत नाही. मुलाला शाळेत घातले पाहिजे, त्यासाठी वेळप्रसंगी त्याला आपल्यापासून दूर वसतिगृहात ठेवले पाहिजे, हे त्याच आईला कळले होते.

मुलांवर रागावण्याची वेळ पालकांवर आणि शिक्षकांवर येणारच. त्या वेळी शब्द कृतीपुरता ठेवावा. वही विसरली असेल तर ‘वही विसरलास’ असे म्हणावे. गणित आले नसेल तर ‘हे गणित अजून जमले नाही, पुन्हा करून पाहू’ असे म्हणावे. विसरलेली वही उद्या आणता येते आणि न जमलेले गणित पुन्हा सोडवता येते; ‘मठ्ठ’ म्हटलेल्या मुलाला मात्र दुसऱ्या दिवशी काय करावे, हे त्या शब्दातून कळत नाही.